सायलेन्सर बसवायचा, बूच नाही (गीता १७.१५)



आज सतराव्या अध्यायातला १५ वा श्लोक. १४ व्या श्लोकात शरीराचं तप येतं, १५ व्यात वाणीचं आणि १६ व्यात मनाचं. वाणीच्या तपाच्या अटी तुमच्यापैकी अनेकांना पाठ असतील: बोलणं ऐकणाऱ्याला उद्वेग न देणारं, खरं, प्रिय आणि हिताचं असावं, शिवाय स्वाध्याय हवा. पण वाचताना एक गोष्ट निसटते. या यादीत मौन नाही! मौन पुढच्या श्लोकात आहे, आणि तेही मनाच्या तपात मोजलंय. म्हणजे वाणीचं तप करायला निघालेल्याला गप्प बसायला सांगितलेलंच नाही. खरं आहे ते बोलायचंच आहे, फक्त समोरच्याच्या छातीत धडकी न भरवता.

हे नीट कळावं म्हणून आज एक ट्रक घेऊया. हो, ट्रकच. अमेरिकी लष्कराचा जुना एम-३५.

१९५० च्या सुमारास रिओ या कंपनीनं बनवलेला हा सहा चाकी ओढीचा ट्रक. रस्ता नसलेल्या जमिनीवर अडीच टन माल नेतो, म्हणून तिकडे त्याला अडीच टनीच म्हणतात. लष्करानं निवृत्त केलेले हे ट्रक तिथे लिलावात विकले जातात आणि हौशी लोक ते घरी आणतात. त्यातला ए-२ हा प्रकार जास्त दिसतो. सहा सिलिंडर, ७.८ लिटरचं टर्बो इंजिन. डिझेल, केरोसीन, जेटचं इंधन, वेळ पडली तर पेट्रोलसुद्धा पचवणारं. केबिनच्या उजव्या अंगाला एक उभा एक्झॉस्ट पाइप, आणि त्यात सायलेन्सर नाही. टर्बोतून निघालेला धूर आणि आवाज सरळ आकाशात!

गंमत बघा. हे इंजिन जर्मनीच्या एमएएन कंपनीच्या ज्वलनपद्धतीवर बेतलेलं आहे. (आपल्या लष्कराचा जबलपूरला बनलेला शक्तिमान ट्रकही याच कंपनीच्या परवान्यावरचा.) या पद्धतीत इंधन पिस्टनच्या वाटीच्या भिंतीवर पसरतं आणि हळूहळू जळतं, त्यामुळे डिझेलची ती टकटक कमी होते. म्हणून अशा इंजिनांना ‘कुजबुजणारं डिझेल’ असं नाव पडलं होतं. आत कुजबुज आणि बाहेर दणदणाट. “मनानं फार चांगला आहे हो, फक्त बोलतो तसा,” असं आपण ज्यांच्याबद्दल म्हणतो, ते आठवले का? ऐकणाऱ्याच्या कानावर आतलं ज्वलन पडत नाही, पाइपचं तोंड पडतं.

आता आवाज होतो कसा ते बघू. सहा सिलिंडरच्या फोर स्ट्रोक इंजिनात दर फेऱ्याला तीन स्फोट होतात. हे इंजिन मिनिटाला जास्तीत जास्त २६०० फेरे घेतं. म्हणजे मिनिटाला ७८००, सेकंदाला १३० दणके. प्रत्येक दणक्याबरोबर गरम वायूचा एक गठ्ठा पाइपमधून सुटतो आणि बाहेरच्या हवेवर आपटतो. वायू तर बाहेर गेलाच पाहिजे, नाहीतर इंजिन बंद पडेल. त्रास आहे तो त्याच्या आपटण्याचा.

सायलेन्सर नेमकं तेवढंच काढून घेतो. एका प्रकारात आत कप्पे आणि भोकं पाडलेल्या नळ्या असतात. वायू एका कप्प्यात पसरतो, वळतो, लाटा एकमेकींवर आदळून मरतात आणि शेवटी सलग झोत बाहेर पडतो. दुसऱ्या प्रकारात भोकांच्या सरळ नळीभोवती ग्लासवूल भरलेली असते, ती आवाज शोषते. ट्रकचा घुमणारा जाड आवाज पहिल्या प्रकारानं जास्त चांगला आवरतो, कर्कश बारीक आवाज दुसऱ्यानं. इंग्लंडमध्ये आणि आपल्याकडे याला सायलेन्सर म्हणतात, अमेरिकेत मफलर. थंडीत गळ्याभोवती गुंडाळतो तोच शब्द! मला मफलरच जास्त प्रामाणिक वाटतो, कारण शांतता कुणीच आणत नाही, फक्त ऊब घातल्यासारखं गुंडाळून देतं.

बरेच जण फसतात ते पुढे. आवाज कमी करायचा म्हणून हाताला लागेल तो छोटा, कारचा सायलेन्सर ठोकून दिला, की वायूला वाट पुरत नाही. मागे दाब साचतो. टर्बोचं चाक पुढच्या-मागच्या दाबातल्या फरकावर फिरतं. तो फरक घटला की इंजिनाला हवा कमी मिळते, इंधन मात्र तेवढंच येत राहतं. मग काळा धूर, ताकद कमी आणि एक्झॉस्टचं तापमान चढतं. घाटात मालासकट चढताना हे इंजिनाच्या जिवावर बेततं. “मी आता काही बोलतच नाही” म्हणून धुमसत बसलेल्या माणसाला आपण शांत समजतो ना, ते हेच. आवाज कमी आहे, पण आत काय तापतंय ते बघायला काटा लावलेला नाही. ट्रकवाले शहाणे लोक तो काटा खरंच लावतात, एक्झॉस्टचं तापमान दाखवणारा.

म्हणून सायलेन्सर मोठा घ्यायचा. मालवाहू ट्रेलर ओढणाऱ्या ट्रकला लावतात तसा, ज्याचं तोंड आपल्या पाइपाएवढं किंवा त्याहून मोठं असेल असा. मोठा म्हणजे जडही आलाच. त्याचा भार टर्बोच्या तोंडावर लटकवायचा नाही, नाहीतर हादऱ्यांनी जोड फुटतो. चॅसीला किंवा केबिनमागे पक्का ब्रॅकेट करायचा, आणि इंजिन आपल्या रबरांवर हलतं म्हणून मध्ये लवचीक पाइपचा तुकडा घालायचा. उभ्या सायलेन्सरच्या तळाला पाणी जाण्यापुरतं बारीक भोक, वर पावसाची झडप. केबिनचं छत कॅनव्हासचं असेल तर उष्णता अडवायला जाळीचं कव्हर. आणि प्रत्येक जोड गळतीसाठी तपासायचा, कारण केबिनमध्ये शिरलेला धूर आवाजापेक्षा वाईट. पहिल्या काही फेऱ्यांनंतर क्लॅम्प परत आवळायचे.

एवढा खटाटोप कशाला, असं खुद्द मालकच विचारतो. त्याला तो आवाजच आवडतो. खरं सांगायचं तर मलाही तो आवाज ऐकून मजा वाटते. (आपल्याकडे बुलेटचे फोडलेले सायलेन्सर पोलीस रोडरोलरखाली घालतात, तेव्हा हळहळणारी तरुण मंडळीही मला माहीत आहेत.) पण हिशोब असा आहे: ८५ डेसिबलचा आवाज दिवसाला ८ तास ही कानांसाठी अमेरिकेतल्या आरोग्य संशोधन संस्थेनं शिफारस केलेली मर्यादा. पुढे दर ३ डेसिबलला वेळ निम्मा. ८८ ला ४ तास, ९४ ला १ तास, १०० ला फक्त १५ मिनिटं. गेलेलं ऐकू येणं परत येत नाही.

आणि बसण्याची जागा आठवा. अमेरिकी गाडीत ड्रायव्हर डावीकडे, पाइप उजवीकडे. म्हणजे पाइपच्या सगळ्यात जवळ ट्रकचा मालक नाही. शेजारच्या सीटवर हौसेनं बसलेली बायको आहे, मांडीवरचं पोर आहे. श्लोकातला उद्वेग हा ऐकणाऱ्याचा उद्वेग आहे, तो मोजायचा तर त्या सीटवर बसून मोजायला हवा. आज ऑफिसच्या ग्रुपवर किंवा घरी आईला काही खरं पण कडू सांगायचं असेल, तर टाईप करण्याआधी मिनिटभर त्या उजव्या सीटवर बसून बघा. खरं त्यातलं तसूभरही कमी करू नका, वाट मोठी ठेवा.

सायलेन्सर बसल्यावर अजून एक होतं, जे कुणी आधी सांगत नाही. ट्रक शांत होत नाही! आता टर्बोची शिट्टी, गिअरचं रडणं, मोठ्या टायरांची घरघर, पंखा, सगळं ऐकू यायला लागतं. आधीही ते होतंच, दणक्याखाली दबलेलं. एखादं बेअरिंग वाजतंय हे मालकाला पहिल्यांदा तेव्हा कळतं, आणि मग पाना घेऊन खाली शिरावं लागतं. उद्या १६ वा श्लोक, मनाचं तप. आज रात्री त्यातली मौनाची जागा एकदा वाचून ठेवा.