सीडी३४ पॉझिटिव्ह म्हणजे काय हो?

मंडळी, गणपतीच्या जेवणाच्या रांगेत ताट हातात धरून हा प्रश्न मला अनेकदा विचारला गेलाय. कुणाच्या बाबांचा रिपोर्ट आलेला असतो आणि मुलांनी रात्री जागून इंटरनेटवर नको ते वाचलेलं असतं. मी लॅबमध्ये हेच काम केलं, पण रांगेत उभ्याने नीट सांगता येत नाही, म्हणून इथे लिहिते.

अक्यूट मायलॉइड ल्युकेमिया हा मुख्यतः उतारवयातला रक्ताचा कर्करोग. अमेरिकेत निम्म्याहून अधिक रुग्ण पासष्टीच्या पुढचे असतात. यात बोन मॅरोमधल्या अर्धवट वाढलेल्या पेशी वाढतच जातात. पेशीच्या पृष्ठभागावर प्रथिनं असतात, ती शाळेच्या बिल्ल्यासारखी. बिल्ला पाहून इयत्ता कळावी, तसं पेशीचं कूळ आणि वय कळतं. १९८२ साली पॅरिसच्या परिषदेपासून या बिल्ल्यांना सीडी क्रमांक मिळू लागले. सीडी३४ हा बालवर्गाचा, सीडी३३ मायलॉइड कुळाचा. फ्लो सायटोमीटरमध्ये चमकणाऱ्या अँटिबॉडी चिकटवून लेसरसमोरून एकेक पेशी सोडतात आणि मोजतात.

आता मुख्य गोष्ट. नुसत्या सीडी३४ वरून "किती दिवस" हे ठरत नाही. पण त्या पेशींवर अनेकदा एक पंप सापडतो, पी-ग्लायकोप्रोटीन. किमोचं औषध आत शिरलं की हा ते बाहेर फेकतो! १९९७ साली अमेरिकेतल्या साउथवेस्ट ऑन्कॉलॉजी ग्रुपने पंचावन्नच्या वरच्या २११ रुग्णांच्या पेशी तपासल्या. ७१ टक्क्यांमध्ये हा पंप होता. ज्यांच्यात पंप नाही, गुणसूत्रांत वाईट बदल नाहीत आणि आधीचा रक्ताचा आजारही नाही, त्यांच्यापैकी ८१ टक्के रुग्णांत आजार मागे हटला. तिन्ही गोष्टी उलट असलेल्यांत फक्त १२ टक्के. वयोगट तोच, बरं का! "वय झालंय, आता काय करायचं" असं म्हणणाऱ्या नातेवाइकांना मी हे दोन आकडे नेहमी ऐकवते.

बिल्ल्यावर नेम धरणारं औषधही आलं. सीडी३३ वर जाऊन बसणाऱ्या मायलोटार्गला मे २००० मध्ये एफडीएने मान्यता दिली, तीही आजार उलटलेल्या साठीपुढच्या रुग्णांसाठी. पुढच्या चाचणीत फायदा दिसेना, धोका मात्र दिसला, म्हणून २०१० मध्ये ते बाजारातून काढलं. २०१७ मध्ये कमी डोसने परत आलं. औषधांचं नशीबही असं फिरतं.

तेव्हा डॉक्टरांना सीडीचा आकडा विचारून थांबू नका. गुणसूत्रांचा रिपोर्ट आला का, एफएलटी३, एनपीएम१, टीपी५३ या जनुकांची तपासणी झाली का, ते विचारा. जोरदार किमो न झेपणाऱ्यांसाठीही आता मार्ग आहे. २०२० च्या चाचणीत अ‍ॅझासायटिडिनसोबत व्हेनेटोक्लॅक्स दिल्यावर निम्मे रुग्ण १४.७ महिन्यांहून जास्त जगले. एकट्या अ‍ॅझासायटिडिनवर हाच आकडा ९.६ होता. पाच महिने कमी वाटतात? नातीचं लग्न त्यात बसतं.

आणि बोन मॅरो बदलायची वेळ आली, तर जुळवतात तो एचएलए हाही पेशीवरचाच बिल्ला. तो वंशावर बराच अवलंबून असतो आणि नोंदणीत आपल्याकडचे दाते कमी आहेत. घरात १८ ते ४० वयाची मुलं असतील तर त्यांना सांगा, नोंदणीला गालाच्या आतून फिरवलेला कापसाचा बोळा पुरतो.