नुसता वर्षाचा पाऊस बघू नकोस

अगं, मंगळवेढ्याची जमीन आता तुम्ही दोघंच कसणार, हे ऐकून फार बरं वाटलं. पण वर्षाच्या पावसाचा एक आकडा बघून पिकं ठरवतेयस, तिथं जरा थांब.

हवामान, पाऊस आणि मातीवरून महाराष्ट्राचे ९ कृषी हवामान विभाग पाडलेत. तुमचा भाग अवर्षणप्रवण विभागात, साधारण ७५० मिलिमीटरच्या आतला. शेजारी मराठवाड्यात निश्चित पावसाचा विभाग, ७०० ते ९०० चा. आकडे किती जवळ आहेत बघ! मग एकाला निश्चित आणि दुसऱ्याला अवर्षणप्रवण का म्हणायचं? तर तुमच्याकडे पाऊस दोन हप्त्यांत येतो. जून-जुलैत थोडा, मधे कित्येक आठवड्यांचा खंड, आणि खरा जोर सप्टेंबरात. खरिपाची पेरणी त्या खंडात सापडते गं.

शिवाय ऊन-वाऱ्याचा हिशोब धरायलाच हवा. सोलापूरकडे वर्षभरात बरसतं त्याच्या दुपटीहून जास्त पाणी उडवून न्यायची ताकद त्या हवेत आहे. म्हणून कार्ल ट्रोल या जर्मन भूगोलतज्ज्ञानं १९६५ मध्ये उष्ण प्रदेशांची विभागणी करताना ओले महिने मोजले. ज्या महिन्यात पाऊस बाष्पीभवनाला पुरून उरतो, तो ओला. असे २ ते ४.५ महिने मिळाले, तर तो कोरडा निमशुष्क प्रदेश. मला ही पद्धत मनापासून पटते, कारण पीक जगतं ते ओल टिकते तितके दिवस.

आणि ओल किती टिकणार, ते मातीवर. तुमच्याच शिवारात माळावरची मुरमाड जमीन चार दिवसांत सुकेल. तिथं बाजरी, मटकी, हुलगा घे. खालची खोल काळी मात्र खरिपात मोकळी ठेव. मालदांडी ज्वारी उत्तरा-हस्ताच्या पावसावर पेरतात आणि मुरलेल्या ओलीवर ती थंडीत पोसते. मंगळवेढ्याच्या ज्वारीचं नाव उगाच झालेलं नाही.

तेव्हा तालुक्याच्या पावसाची आठवडेवार नोंद मागून घे, जितकी जुनी मिळेल तितकी. खंड नेहमी कधी पडतो, त्यावर खूण कर. आणि काळ्या रानात जुलैतच वाफे बांधून घ्या, म्हणजे सप्टेंबरचं पाणी वाहून न जाता जागच्या जागी मुरेल. फोन कर, नोंद मिळाली की दोघी मिळून बघू.