नोकरी बदलली तर ग्रीन कार्डचा नंबर जाईल का?

प्रश्न : मी अमेरिकेत एच-१बी व्हिसावर आहे. कंपनीने ग्रीन कार्डसाठी भरलेला माझा आय-१४० अर्ज २ वर्षांपूर्वी मंजूर झाला. आता नोकरी बदलली तर रांगेतला नंबर जाईल का?

उत्तर : नाही. मंजुरीला १८० दिवस उलटून गेले आहेत, त्यामुळे जुन्या कंपनीने अर्ज मागे घेतला तरी त्याची मंजुरी रद्द होत नाही आणि तुमची ‘प्रायॉरिटी डेट’ (रांगेतला क्रम ठरवणारी तारीख) टिकते. अर्जात फसवणूक आढळली तर मात्र ती जाते. नंबर लागेपर्यंत एच-१बी ६ वर्षांनंतरही वाढवून मिळतो. नव्या कंपनीला मात्र ‘पर्म’ (कामगारविषयक) प्रमाणपत्र आणि आय-१४० नव्याने करावे लागतील. दरवर्षीच्या ग्रीन कार्डांपैकी एका देशाला साधारण ७ टक्क्यांचीच मर्यादा असल्याने भारतीयांची रांग लांब आहे. म्हणून ही तारीख जपा. राजीनाम्याआधी मंजुरीपत्राची प्रत मिळवा आणि नव्या कंपनीकडून प्रक्रिया सुरू करण्याचे लेखी आश्वासन घ्या.