पाठांतर तोंडानं, हातानं

‘एका जागी गप्प बसून वाच’ हे दहावी-बारावीच्या घरात रोज ऐकू येतं. मूल येरझाऱ्या घालत मोठ्यानं म्हणू लागलं की पालकांना वाटतं, याचं चित्त थाऱ्यावर नाही. पालकांनो, त्याला थांबवू नका.

पावकी-निमकी पूर्वी शाळेत तालावर म्हणून घेत. वेदपाठशाळेत आजही स्वरांबरोबर हात किंवा मान हलते. कॅनडातल्या वॉटर्लू विद्यापीठाचे कॉलिन मॅक्लाउड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१० मध्ये दाखवलं, की मोठ्यानं वाचलेले शब्द मनात वाचलेल्या शब्दांपेक्षा चांगले लक्षात राहतात. मात्र यात एक मेख आहे. काही शब्द मोठ्यानं आणि बाकीचे मनात वाचले, तेव्हा हा फरक ठळक दिसला. म्हणून अख्खा धडा ओरडून वाचायची गरज नाही. व्याख्या, सूत्रं, सनावळ्या एवढंच तोंडानं म्हणा. घर लहान असेल किंवा अभ्यासिकेत बसला असाल, तर आवाज न काढता नुसते ओठ हलवा. त्याच अभ्यासात त्याचाही फायदा दिसला होता.

हाताचं कामही तेवढंच मोलाचं. फ्लेमिंगचा डाव्या हाताचा नियम वाचून सोडू नका, बोटं ताणून करा: तर्जनी चुंबकीय क्षेत्र, मधलं बोट विद्युतधारा, अंगठा बल. हृदयाची आकृती पुस्तक मिटून काढा, मग उघडून ताडून पाहा. जे राहिलं तेवढंच पुन्हा वाचा. चित्रकला कच्ची असली तरी बिघडत नाही. वॉटर्लूतच २०१६ मध्ये झालेल्या प्रयोगांत शब्द पुनःपुन्हा लिहिण्यापेक्षा त्याचं चित्र काढणाऱ्यांना तो जास्त आठवला, आणि चित्र सुबक असण्याशी त्याचा संबंध दिसला नाही. रंगीत मार्करनं पानं रंगवण्यात जाणारा वेळ इकडे द्या.

‘आमचा मुलगा ऐकून शिकणारा आहे’ असं पालक ठामपणे सांगतात. मुलांची अशी वर्गवारी करून त्याप्रमाणे शिकवल्यानं फायदा होतो, याला पुरेसा पुरावा नाही. बोटांच्या ठशांवरून मुलाची बुद्धी सांगणाऱ्या चाचण्यांना तर कुठलाच शास्त्रीय आधार नाही. ते पैसे वाचवा.

झोप मात्र कापू नका. दिवसा शिकलेलं मेंदू झोपेत पक्कं करतो. आणि परीक्षा जवळ आली की येरझाऱ्या कमी करून टेबलाशी, घड्याळ लावून, उत्तरं लिहायला बसा.