नवा गुडघा आणि रोवणीचा चिखल

अगं, सासूबाईंचा गुडघा बदलला, काठी सुटली, म्हणून आता सगळं निपटलं असं समजू नकोस. घाबरवत नाही तुला. नव्या सांध्यात जंतू शिरण्याचं प्रमाण शंभरात एक-दोनच. पण शिरले की माणसाला आणि घराला दोघांना पुरे करतात. धातूला रक्तपुरवठा नसतो ना! जंतू त्यावर बसले की भोवती चिकट थर धरतात, मग औषध आत पोचता पोचत नाही. हे जंतू बहुतेकदा आपल्याच कातडीवरचे असतात, स्टॅफिलोकोकस म्हणतात ते. ऑपरेशनच्या वेळीच शिरतात असंही नाही. पायाच्या जखमेतून, किडक्या दातातून, रक्तावाटे काही वर्षांनीसुद्धा येतात.

म्हणून मला आपल्या शहापूरकडच्या सासवांची धास्ती वाटते. पाऊस लागला की यांना घरात राहवत नाही. ‘नुसती धुऱ्यावर उभी राहते’ म्हणतात आणि घडीभरात बांधीत! मग चिखल्या, भेगा. त्यात शुगर असली तर जखम कळतही नाही. यंदा त्यांना रोवणीला पाठवू नकोस. रुसल्या तर रुसू दे. रोज पाय धुऊन बोटांच्या बेचक्या कोरड्या कर, शुगर ताब्यात ठेव.

गुडघा लाल, गरम झाला, सुजला, टाक्यांतून पाणी येत राहिलं किंवा बरा झालेला सांधा नव्यानं दुखू लागला, तर मेडिकलमधून अँटिबायोटिक आणून देऊ नकोस. अर्धवट औषधानं जंतू मरत नाहीत, तपासणीत मात्र सापडेनासे होतात. त्याच दिवशी सर्जनला दाखव. ते रक्त तपासतील, सुईनं सांध्यातलं पाणी काढून कल्चरला पाठवतील. थंडी वाजून ताप भरला, माणूस गळून गेलं, तर रात्र असली तरी भंडारा नाहीतर नागपूर गाठ.

लवकर कळलं तर सांधा उघडून, धुऊन, मधलं प्लास्टिक बदलून वाचवता येतो. उशीर झाला तर बहुधा सांधाच काढतात, तिथं औषध मिसळलेल्या सिमेंटचा तात्पुरता तुकडा बसवतात, कित्येक आठवडे औषधं चालतात आणि मग पुन्हा नवा सांधा. सरकारनं ऑगस्ट 2017 मध्ये कृत्रिम गुडघ्याच्या किमतीला लगाम घातला, पण दुसऱ्यांदा दवाखान्यात पडून राहण्याचा खर्च कुणाला चुकलाय?

आणि दात काढायचा असला तर दाताच्या डॉक्टरांना आधी गुडघ्याचं सांग. डिस्चार्ज कार्ड ट्रंकेत टाकू नकोस; सर्जनचा नंबर घरातल्या पोरांच्याही फोनमध्ये असू दे.