रोप लावताना मातीचाही हिशेब करा



मिरगाचा पाऊस पडून गेला, की रोपे लावण्याची घाई सुरू होते. जुलैच्या पहिल्या आठवड्यात वनमहोत्सव करण्याची चाल आपल्या देशात १९५० पासून आहे. झाड हवेतला कार्बन डायऑक्साइड वायू शोषून घेते आणि त्यामुळे पृथ्वीचा ताप वाढविणारा हा वायू कमी होतो, हे आता शाळेतले मूलही सांगते. ते खरेच आहे. परंतु हा हिशेबाचा अर्धाच भाग झाला. उरलेला अर्धा भाग आपल्या पायाखालच्या मातीत असतो. वर झाड जमा करीत असते, तेव्हा खाली खणलेली माती खर्च करीत असते. हा खर्च कसा होतो आणि तो कमी कसा ठेवावा, एवढेच आजच्या पाठात पाहू.

मातीतली ठेव

माती परीक्षणाचा कागद ज्यांनी पाहिला आहे, त्यांना ‘सेंद्रिय कर्ब’ हा शब्द ठाऊक असेल. पालापाचोळा, मुळे आणि शेणखत कुजून मातीत जो काळसर अंश राहतो, त्यातला हा कर्ब. जगातील जमिनीच्या वरच्या एक मीटर थरात असा सुमारे दीड लाख कोटी टन कर्ब आहे. हवेतला आणि सगळ्या झाडाझुडपांतला कर्ब एकत्र केला, तरी त्याहून हा जास्त भरतो.

ही ठेव मातीच्या कणांत दडून राहते. नांगर चालला, की ढेकळे फुटतात, आत हवा शिरते आणि जीवाणू व बुरशी त्या सेंद्रिय अंशाचा फडशा पाडू लागतात. त्यातला कर्ब कार्बन डायऑक्साइड होऊन हवेत जातो. रोप तर अजून हातभर असते, त्याची कमाई ती किती! म्हणून जमीन फार उकरून केलेल्या नव्या लागवडीत पहिली काही वर्षे जमेपेक्षा खर्च जास्त होऊ शकतो.

याशिवाय आणखी दोन वायू आहेत. एक मिथेन. शंभर वर्षांच्या हिशेबाने तो कार्बन डायऑक्साइडच्या सुमारे २७ पट ताप वाढवितो. पाणी साचलेल्या मातीत तो तयार होतो. उलट, हवा खेळत्या रानमातीत मिथेन खाणारे जीवाणू राहतात. जमीन नांगरली किंवा नत्रखत घातले, की त्यांचे काम मंदावते व पुन्हा पूर्ववत् होण्यास अनेक वर्षे लागतात. दुसरा नायट्रस ऑक्साइड. तो सुमारे २७३ पट जोरदार. मातीत नत्र जास्त आणि ओलही भरपूर, असे झाले की तो निघतो.

स्कॉटलंडची गोष्ट

हे नुसते पुस्तकी बोलणे नाही. स्कॉटलंडच्या थंड, ओल्या माळावर हीदर नावाची खुरटी झुडपे असतात आणि खाली कर्बाने भरलेली काळी माती. तेथे चार ठिकाणी भूर्ज आणि पाइन ही झाडे लावून पाहिली, शेजारी हीदरचे तुकडे तसेच ठेवले. लागवडीला कोठे १२, तर कोठे ३९ वर्षे झाल्यावर झाडे आणि माती या दोहोंतील कर्ब मोजला. हा निष्कर्ष २०२० साली प्रसिद्ध झाला. झाडांनी लाकडात जेवढे कमावले, तेवढे मातीने गमावले होते. चारांपैकी एकाही ठिकाणी निव्वळ वाढ नव्हती, एका ठिकाणी तर घटच होती.

त्याच देशाच्या उत्तर टोकाला फ्लो कंट्री नावाचा मोठा पाणथळ प्रदेश आहे. तेथे अर्धवट कुजलेल्या शेवाळाचे जाड थर हजारो वर्षांत साचले आहेत. करात सवलत मिते म्हणून लोकांनी १९८० च्या सुमारास तेथे चर खणले, पाणी काढून दिले आणि सूचिपर्णी झाडे लावली. थर सुकला आणि त्यातला कर्ब हवेत जाऊ लागला. १९८८ साली ती सवलत बंद झाली. पुढे तीच झाडे तोडून चर बुजविण्याचे काम हाती घ्यावे लागले. २०२४ साली या प्रदेशाला जागतिक वारशाचा मान मिळाला.

मग झाडे लावू नयेत काय?

तसे मुळीच नव्हे. स्कॉटलंडची माती कर्बाने गच्च, म्हणून तेथे गमावण्यासारखे पुष्कळ होते. आपल्या झिजलेल्या मुरमाड शेतात कर्ब बहुधा थोडाच उरलेला असतो. तेथे झाडे लावली, तर गेलेला कर्ब पालापाचोळ्याने हळूहळू भरून येतो. जपायचे ते जुने गवताचे कुरण आणि पाणथळ जागा.

आता आपल्याच एका एकराचा अंदाज घेऊ. मातीत अर्धा टक्का सेंद्रिय कर्ब धरा. सहा इंच खोल सगळे रान नांगरले, तर सुमारे चार टन कर्ब असलेली माती हलते. त्याच एकरात पाच मीटर अंतराने १६० खड्डे, दीड फूट लांब, रुंद व खोल असे घेतले, तर हलणाऱ्या मातीत कर्ब असतो सुमारे १०० किलो. हललेला सगळाच कर्ब उडून जात नाही, पण धोका किती पटीने कमी झाला, ते पाहा.

काय करावे?

१. सगळे रान नांगरू नये. फक्त खड्डे घ्यावेत.

२. वरची काळसर माती वेगळी काढून ठेवावी व खड्डा भरताना तीच मुळांजवळ घालावी.

३. लागवडीआधी गवत पेटवू नये. कापून रोपाभोवती आच्छादन करावे.

४. पाणथळ जागा चर काढून सुकवू नये. रोपांसाठी दुसरी जागा बघावी.

५. रोपाला युरियाचा मारा नको. कोवळ्या मुळांना तो सगळा घेता येत नाही आणि पावसाळ्यात उरलेल्या नत्राचा वायू होतो. कुजलेले शेणखत बरे.

६. निव्वळ आकेशियाचे रान करू नये. हे झाड हवेतले नत्र मातीत आणते. सुमात्रा बेटावर अशा दाट लागवडीच्या मातीतून नायट्रस ऑक्साइड जास्त निघत असल्याचे आढळले आहे. जांभूळ, फणस, हिरडा अशी मिश्र झाडे लावावीत.

७. लावलेले रोप जगवावे. गुरांपासून राखावे, उन्हाळ्यात पाणी द्यावे. रोप वाळले, तर मातीचा खर्च तेवढा झाला आणि जमेला काहीच आले नाही.

बंधूंनो, शंभर रोपे लावून दहा जगविण्यापेक्षा वीस लावून वीस जगविणे मातीच्या दृष्टीने फायद्याचे आहे.

विचार करा

१. आपल्या गावात यंदा रोपे लावायची जागा कोणती? तेथे आधी काय होते: शेत, कुरण की पाणथळ?

२. गेल्या वर्षी लावलेल्या रोपांपैकी आज किती जिवंत आहेत? एकदा मोजून पाहा.

३. आपल्या शेताच्या माती परीक्षणात सेंद्रिय कर्ब किती निघाला?