सही घेण्याआधी

चिपळूण,
श्रावण वद्य पंचमी

चि. अमोल यास,


काल वाडीतून फोन आला. म्हणे तू हक्कसोडपत्र टाईप करून ठेवलं आहेस आणि गौरी-गणपती पोचवले की सोनलला राजापूरला निबंधकाकडे नेणार आहेस. खोटं असेल तर हे पत्र फाडून टाक. खरं असेल तर बसून वाच.

गौरीला माहेरवाशीण म्हणून जेवू घालायचं आणि त्याच आठवड्यात बहिणीचा, घरच्या माहेरवाशिणीचा, हिस्सा सोडवून घ्यायचा? लाज कशी वाटत नाही रे?

‘तिला काय कमी आहे’, असंही म्हणालास म्हणे. हे वाक्य माझ्या ओळखीचं आहे. १९७९ साली आमचे वडील, अण्णा, गेले, तेव्हा मीच ते माझ्या बहिणीला, सुमनला, ऐकवलं होतं. तुझे बाबा गप्प होते, बोलले नाहीत. बोलले मी. बापाच्या हिश्शात मुलीचा वाटा १९५६ च्या कायद्यापासून होता, पण आम्हाला कोण सांगणार? माजघरात सतरा पानं उठायची, जमिनीचे तुकडे झाले तर ती माणसं जेवणार काय, हे मात्र मला पटलं होतं. सुमन एवढंच म्हणाली, ‘विहिरीकडची चार कलमं माझ्या नावावर राहू देत.’ मी म्हटलं, भावाशी वाकडं घेतलंस तर माहेर तुटेल. तिने सही केली, मीही केली. दोघींना एकेक हिरवं पातळ मिळालं.

पुढे ८२ चा संप झाला. तिच्या नवऱ्याची गिरणी सुटली ती सुटलीच. पोरांना घेऊन एक पावसाळा ती आपल्याच मांगरात राहिली. परसातला नारळ उचलतानाही वहिनीला विचारायची. मी राखी बांधायला आले होते, तेव्हा पाहिलं. त्यानंतर मी तिच्यापाशी तो विषय कधीच काढला नाही. माफी मागायची राहून गेली.

आता सतरा पानं आहेत कुठे? कोणी डोंबिवलीत, कोणी पुण्यात, तू बंगळुरात. घराचं कुलूप गणपतीला उघडतं. ज्या घरासाठी आमच्या सह्या घेतल्या ते एकत्र राहिलं नाही, कागद तेवढा जुन्या चालीचा. २००५ पासून तर वडिलोपार्जित जमिनीत सोनल जन्मतःच तुझ्याएवढी वाटेकरी आहे. ती आपणहून सोडेल तर सोडो. पण तिला आधी सगळं वाचून दाखव, घरी नेऊन विचार करू दे. सणाच्या गडबडीत, चार माणसांसमोर सही मागू नकोस. मुली तिथे नाही म्हणत नाहीत.

जमीन विकू नकोस असं मी म्हणत नाही. कर्जाचे हप्ते तुला जड जातात, ठाऊक आहे मला. तू वाईट नाहीस रे. ताप आला की सोनलचा फ्रॉक मुठीत धरून झोपायचास.

वाडीत जाण्याआधी चिपळूणला ये. सुमनच्या सहीची नक्कल माझ्या ट्रंकेत आहे, ती दाखवीन म्हणते. नको, राहू दे. अळूचं फदफदं करीन, जेवून जा. गाडी रात्री कितीही वाजता येवो, मी जागी असेन.

तुझी,
आत्या